टकटक नेमकी कुठली? : एका जुन्या बुलेटच्या प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

काकांची बुलेट काल संध्याकाळी शेडमध्ये आणून लावली. जुनं कास्ट आयर्न इंजिन, ३४६ सीसी, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. तक्रार एका वाक्याची, "इंजिन आवाज मारतंय." गावातल्या एका मेस्त्रींनी गाडी चालू असताना कान लावला आणि बिग एंड गेलाय, इंजिन उतरवावं लागणार, असं सांगितलं. काका दोन दिवस गप्प होते. मग मला फोन आला, "तू एकदा बघ की रे. तू म्हणालास तर खोलू."

बिग एंड म्हणजे पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडचं खालचं तोंड, जिथे रॉड क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पिनवर फिरतो. तिथवर पोचायचं तर इंजिन फ्रेममधून उतरवायचं, हेड-ब्लॉक काढायचे, क्रँककेस वेगळी करायची, दोन्ही फ्लायव्हील प्रेसवर दाबून सोडवायची, नवी पिन घालून क्रँक पुन्हा सरळ करून आणायचा. त्यातल्या प्रत्येक पायरीवर आणखी चार गोष्टी बदलाव्याशा वाटतात. म्हणून हे काम अंदाजाने सुरू करायचं नाही, एवढं पहिल्या दिवशीच ठरवलं.

आवाज ओळखायला तयार कान लागतो असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण माझा भर प्रश्नांवर आहे. आवाज थंड इंजिनला येतो की गरम? क्रँकच्या वेगाने येतो की त्याच्या निम्म्या? लोड पडल्यावर वाढतो की कमी होतो? डाव्या बाजूला की उजव्या, वर की खाली? एका वेळी एकच परिस्थिती बदलायची आणि आवाजाने काय केलं ते लिहून ठेवायचं. त्यासाठीच या नोंदी.

आज पहाटे थंड इंजिनला कीक मारली आणि गाडीभोवती फिरून ऐकलं. मेस्त्रींनी एकच आवाज सांगितला होता, मला तीन ऐकू आले. पहिला, उजवीकडे सिलिंडरच्या पायथ्याशी कोरडी टिकटिक. दुसरा, पिस्टनच्या आसपास बोथट थपथप. ही सुरुवातीला स्पष्ट होती, इंजिन तापत गेलं तशी विरली. तिसरा, डावीकडे खाली जड ठकठक, फक्त स्लोवर, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन हळू फिरत असताना. काकांनी चौथाही सांगितला, चढाला टॉप गिअरमध्ये खडखडतं. तो शेडमध्ये उभ्या गाडीला ऐकू येणार नाही, त्याला रस्ता लागेल.

चार आवाज म्हणजे चार वेगळी कारणं असू शकतात. सगळे एकात कालवले की जड आणि भीतीदायक असतो त्यालाच सगळ्याचा दोष जातो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी मोजणी केली. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा एकदा फायरिंग होतं, आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे सायलेन्सरचा एक ठोका पडतो त्या वेळात क्रँकचे दोन फेरे होतात, कॅमचा एक. बुलेट स्लोवर ९०० आरपीएमला धरली तर सेकंदाला क्रँकचे १५ फेरे आणि साडेसात ठोके. एवढ्या वेगात कान मोजू शकत नाही, पण फोन मोजू शकतो. फोन दुमडलेल्या पोत्यावर ठेवला, थोडं थोडं रेकॉर्डिंग आधी उजव्या बाजूने केलं, मग डाव्या, आणि नंतर घरात बसून वेग एक चतुर्थांश करून ऐकलं.

उजवीकडची टिकटिक प्रत्येक ठोक्याला दोनदा होती, पण दोन टिकांमधलं अंतर सारखं नव्हतं. टिक-टिक, मोकळी जागा, टिक-टिक, मोकळी जागा. क्रँकवर बसलेला भाग फेऱ्याला एकदा आवाज करत असता तर अंतर समान पडलं असतं. असं लंगडं अंतर म्हणजे कॅमवरच्या दोन वेगळ्या गोष्टी: इनलेट (मिश्रण आत घेणारा) आणि एग्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह, दोन्हींचे टॅपेट, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणारे भाग.

डावीकडची ठकठकही ठोक्याला दोनदा येत होती, पण अंतर समान. एक ठक मोठी, फायरिंगच्या लगेच पाठोपाठ, आणि दुसरी बारीक. हा आवाज क्रँकच्या वेगाचा आहे. इथे मेस्त्रींच्या म्हणण्याला आधार मिळतो, कारण बिग एंडही याच वेगाने ठोकतो. पण क्रँकवर बसलेली बिग एंड ही एकच गोष्ट नाही. डाव्या टोकाला प्रायमरी चेनचं (इंजिनाची ताकद क्लचकडे नेणाऱ्या चेनचं) छोटं स्प्रॉकेट आहे, त्याच्या पुढे वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा रोटर, म्हणजे फिरणारा चुंबकी भाग, आहे. त्यातलं कुठलंही सैल झालं तर ठोके असेच पडतात.

५ नोव्हेंबर, बुधवार

टॅपेट. सोपं काम आधी संपवलं, म्हणजे पुढे ऐकताना एक आवाज कमी.

गाडी रात्रभर उभी होती, इंजिन पूर्ण गार. बुलेटला टॅपेटची सेटिंग वर रॉकरपाशी (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीपाशी) नसते, खाली पुशरॉडच्या, म्हणजे रॉकरला वर ढकलणाऱ्या उभ्या सळीच्या, बुडाशी असते. उजव्या बाजूचं झाकण काढलं की दोन्ही पुशरॉड समोर दिसतात. प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि हलकेच कीक दाबली. दाब अंगठ्याला ढकलायला लागला की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. पिस्टन वर टॉप डेड सेंटरला, म्हणजे त्याच्या सर्वांत वरच्या टोकाला, आणला. आता दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, म्हणून दोन्ही पुशरॉड मोकळे असायला हवेत.

या इंजिनाला थंड असताना टॅपेटचा गॅप शून्य ठेवतात. शून्य म्हणजे घट्ट नव्हे. पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवला तर सहज फिरावा, पण वर-खाली हलवला तर खेळ जाणवू नये. एग्झॉस्टचा पुशरॉड वर-खाली चक्क टकटकत होता, इनलेटचाही थोडा. लॉकनट सोडला, खालचा अॅडजस्टर वर घेतला, लॉकनट आवळला आणि पुन्हा फिरवून बघितलं. हे पुन्हा बघणं महत्त्वाचं, कारण लॉकनट आवळताना सेटिंग सरकते. तीन पाने एकाच वेळी धरायचे असतात आणि जागा बोटभर. इनलेट पटकन बसला. एग्झॉस्टने वेळ खाल्ला: आवळला की पुशरॉड जड व्हायचा. शेवटी लॉकनटसाठी किंचित जास्त ढील ठेवून आवळला तेव्हा हवा तसा फिरला.

टॅपेट जरा जास्त कसले की इंजिन गप्प होतं आणि चालवणारा खूश होतो. पण व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकला नाही तर कॉम्प्रेशन जातं आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. थोडी टिकटिक करणारं इंजिन मला चालेल, असं गप्प केलेलं नको.

चालू केलं. टिकटिक बरीच उतरली, पूर्ण गेली नाही. उरलेली आता ठोक्याला एकदाच येते.

९ नोव्हेंबर, रविवार

उरलेली टिक. टॅपेट परत तपासले, सेटिंग जागेवर. मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक रॉकरच्या झाकणावर आणि मूठ कानामागच्या हाडावर. आत शांत. टोक हेडच्या पुढे नेलं तरी धातूतून काही आलं नाही, पण उघड्या कानाला त्याच जागी टिक स्पष्ट. धातूतून येत नाही आणि हवेतून येतो, म्हणजे आवाज वायूचा.

एग्झॉस्ट पाइप हेडमध्ये शिरतो तिथे टॉर्च मारली तर सांध्याच्या खालच्या बाजूला काजळीची काळी जीभ. इंजिन गार असताना सांध्यावर साबणाचं पाणी सोडलं, कीक मारली, लगेच फुगे आले. थोडं तापल्यावर पाइप फुगून सांधा आपोआप भरतो आणि टिक कमी होते. टॅपेट समजून फसायला लावणारा हा नेहमीचा प्रकार आहे. ठोक्याला एकदाच, आवाजही तसाच कोरडा. पाइप काढला, तोंड साफ केलं, सांध्याला उष्णतेचं सीलंट लावून बसवला, खालचे क्लॅम्प आवळले. पाइप आधी हेडमध्ये नीट बसवायचा आणि मगच मागचे नट आवळायचे, नाहीतर मागची ओढ सांधा पुन्हा उघडते. उजवी बाजू आता गप्प आहे.

दुपारी तेल उतरवलं. बिग एंड खरंच गेला असेल तर तेल काहीतरी सांगेल. गरम तेल पांढऱ्या सुती कापडातून गाळलं, कापड उन्हात धरलं, मग त्यावरून चुंबक फिरवलं. पोलादाचा कण चुंबकाला चिकटतो, अॅल्युमिनियमचा नाही. पिवळसर कण दिसले तर बुशकडे (पितळी बाहीकडे) बघायचं. चुंबकावर राखाडी बारीक पेस्ट आली, ती कुठल्याही जुन्या इंजिनात असते. पापुद्रे नाहीत, चकाकणारे तुकडे नाहीत, पिवळं काही नाही. तेल काळं होतं, पण बोटांत धरल्यावर अंगचं निसरडेपण होतं.

नवं २०डब्ल्यू५० तेल भरलं. इंजिन स्लोवर ठेवून रॉकरच्या तेलाच्या नळीचा बोल्ट हेडपाशी जरासा सैल केला, तर तेल झिरपून खाली आलं. तेल फिरतंय. बिग एंड चांगला आहे हे यावरून सिद्ध होत नाही, पण पंप चालतोय एवढं कळलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आता फक्त डावीकडची ठकठक. आज दोन चाचण्या केल्या.

पहिली डीकॉम्प्रेसरची. बुलेटच्या हेडमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, हँडलवरचा लिव्हर ओढला की तो उघडतो आणि सिलिंडरमधला दाब एग्झॉस्टकडे सुटतो. इंजिन स्लोवर असताना चावी बंद करून त्याच क्षणी लिव्हर ओढला. इंजिन थांबण्याआधी काही फेरे मोकळे फिरतं, दाबाशिवाय आणि स्फोटाशिवाय. त्या फेऱ्यांत ठकठक एकदम गायब. म्हणजे हा आवाज दाबाच्या झटक्याने होतो. बिग एंडही असाच वागेल आणि सैल रोटरही, त्यामुळे या चाचणीने दोघांत निवाडा होत नाही. प्रायमरी चेन केसवर घासत असती तर ती मोकळ्या फेऱ्यांतही थोडी बोलली असती, म्हणून चेन यादीत खाली गेली.

दुसरी रस्त्यावर. गगनबावडा रोडला सकाळी लवकर गेलो. हंगाम सुरू झालाय, उसाच्या ट्रॉल्या आल्या की काही ऐकू येत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडून इंजिनावर जोर दिला, तर ठकठक नाही. एकसारख्या वेगाने चालवली, नाही. थ्रॉटल सोडून वेग खाली येऊ दिला आणि इंजिन स्लोजवळ आलं, तेव्हा परत हजर.

या चाचणीला मी सर्वांत जास्त वजन देतो. बिग एंड सैल असेल तर लोडखाली जास्त ठोकायला हवा, कारण तेव्हाच पिस्टनवरचा दाब रॉडला पिनवर आपटवतो. हा आवाज उलटा वागतो. लोड असताना क्रँकला एकाच दिशेने सलग ताण असतो, आणि त्यावरची सैल वस्तू एका बाजूला टेकून राहते. स्लोवर मात्र क्रँकचा वेग प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त होतो: कॉम्प्रेशनला मंदावतो, फायरिंगला उसळतो. त्या वेळी सैल वस्तू एकदा इकडे आणि एकदा तिकडे आपटते. मोठी ठक आणि बारीक ठक, ती ही.

मग स्क्रू ड्रायव्हर. उजवीकडे टायमिंग कव्हरवर हलका. क्रँककेसच्या मध्यावर, बिग एंडच्या समोर, मध्यम. डावीकडे प्रायमरी चेनकेसच्या पुढच्या भागावर टोक टेकवल्याबरोबर कानाच्या हाडात ठोका बसला.

चेनकेस उघडायला इंजिन उतरवावं लागत नाही. संशय सारखाच असता तरी आधी हेच उघडलं असतं, कारण कमी मोडतोडीचं काम पहिलं. काकांना फोनवर सांगितलं, "अजून इंजिनाला हात लावत नाही." ते म्हणाले, "तुझं चालू दे. मला घाई न्हाई."

१६ नोव्हेंबर, रविवार

चेनकेस उघडली. डावा फूटरेस्ट काढला, ब्रेकचा पॅडल सोडवला, खाली तसराळं ठेवून चेनकेसचं तेल उतरवलं. अख्खं कव्हर मधल्या एका नटावर असतं. तो काढून कव्हर हाताने हलवत बाहेर ओढलं. कडेची रबरी पट्टी कडक झाली होती, ती बदलायचीच होती.

आधी चेन. दोन पदरी चेन, मधोमध बोटाने दाबून खेळ बघितला. साधारण ६ मिमी हवा. एका जागी बघून थांबायचं नाही. मागचं चाक टॉप गिअरमध्ये हळूहळू फिरवत वेगवेगळ्या जागी बघायचं, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी ६, दुसऱ्या जागी ९ च्या आसपास. थोडी ढिली, पण केसच्या आतल्या बाजूला घासल्याची रेघ नाही. चेन निर्दोष म्हणावी इतकी चांगली नाही, पण हा आवाज तिचा नाही.

मग रोटर. बोटांनी धरून हलवला, काही जाणवलं नाही. पुन्हा दोन्ही हातांनी धरला, एका दिशेने दाबून मग दुसऱ्या दिशेने झटकन वळवला. टक्. क्रँक जागेवर, रोटर केसभर वळला. तीच ठक, हाताच्या वेगाने.

मधल्या नटावर पाना लावला तर तो जोर न लावताच फिरला. नटाखालच्या लॉक वॉशरची पाकळी दुमडलेलीच नव्हती, सपाट होती. कधीतरी कुणीतरी काम करून नट बसवला, पाकळी वळवायची राहिली, आणि कंपनाने नट हळूहळू सुटत गेला. रोटर ओढून काढला. चुंबकामुळे तो स्टेटरला, म्हणजे भोवतालच्या न फिरणाऱ्या भागाला, बिलगतो, म्हणून सरळ ओढावा लागतो. शाफ्टवरची चावी, म्हणजे रोटर शाफ्टवर फिरू नये म्हणून खाचेत बसवलेला धातूचा तुकडा, निघाली. तिच्या एका कडेला खोलगट पट्टा पडला होता, धातू दबून कडेला ओठ आला होता. इतके दिवस रोटर याच चावीवर इकडून तिकडे आपटत होता. रोटरच्या आतल्या खाचेची एक भिंतही बसली होती. शाफ्टची खाच बघायला भिंग लावलं. तिच्या कडा तीक्ष्ण आहेत. नशीब म्हणायचं, कारण ती गेली असती तर मेस्त्रींचं इंजिन उतरवायचं म्हणणं वेगळ्या कारणाने खरं ठरलं असतं.

स्टेटरकडे बघितलं तर तिथेही साक्ष. पत्र्यांच्या थप्पीवर खालच्या बाजूला बोटभर लांबीची चकचकीत पट्टी, आणि तिच्या समोर रोटरच्या अंगावर तशीच रेघ. सैल रोटर डुलत होता आणि फेऱ्याला एकदा स्टेटरला चाटून जात होता.

बिग एंडची खात्रीही याच वेळी करून घेतली. रोटर बाहेर, प्लग बाहेर, गाडी टॉप गिअरमध्ये. मागचं चाक थोडं पुढे-मागे झुलवत पिस्टन खाली-वर नेला आणि क्रँककेसवर स्क्रू ड्रायव्हर धरून ऐकलं. दिशा बदलताना प्रायमरी चेनचा खुळखुळ येतो, तो ओळखीचा आहे. त्यापलीकडे क्रँककेसमध्ये कुठेही टक् नाही. गॅसच्या दाबाशिवायची ही चाचणी शेवटचा शब्द नाही. पण तेल, लोड आणि ही चाचणी, तिन्ही एकच सांगतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रोटर आणि जुनी चावी घेऊन उद्यमनगरला गेलो. कोल्हापूरला राहण्याचा हा फायदा आहे. फाउंड्री, लेथ, ग्राइंडिंग, सगळं हाकेच्या अंतरावर, आणि एकच तुकडा करून द्यायला कुणी नाक मुरडत नाही.

लेथवाल्या मेस्त्रींना सगळं दाखवलं. त्यांनी खाचेत नख फिरवलं, भिंतीची कड बघितली आणि म्हणाले, "रोटरची खाच दोन्हीकडून सारखी साफ करून घेऊ. चावी दोन मापांची करतो, खाली शाफ्टला बसंल तेवढी, वर रोटरला बसंल तेवढी जाड." खाच वाकडी असताना सरळ चावी ठोकून बसवली तर तीच कहाणी पुन्हा सुरू होते. मी विचारलं, पोलाद किती कडक ठेवणार? ते म्हणाले, चावी शाफ्टपेक्षा मऊच पाहिजे, काही झालं तर चावी कापली जावी, शाफ्ट वाचावा. पटलं.

चावी खाचेत हाताने जाणार नाही आणि लाकडी हातोडीच्या हलक्या टोल्याने जाईल, अशी घासून दिली. लॉक वॉशर नवा घेतला, चेनकेसची रबरी पट्टीही.

२३ नोव्हेंबर, रविवार

जोडणी. चावी बसवली, रोटर चढवला, लॉक वॉशर, नट आवळला. पाकळी नटाच्या सपाट बाजूवर नीट वळवून टॉर्चने बघितली.

मग रोटर आणि स्टेटरमधली फट. ती सगळीकडून सारखी, साधारण ०.२ मिमी हवी. पोलादी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) इथे चालत नाही, रोटरचं चुंबक पाती खेचून धरतं आणि मोकळी जागाही घट्ट वाटते. म्हणून शीतपेयाच्या प्लॅस्टिक बाटलीतून पट्ट्या कापल्या, मायक्रोमीटरने जाडी बघून ०.२ च्या आसपासची निवडली आणि ती सगळीकडून सरकवली. वर सहज जाते, खाली अडकते. स्टेटरचे तिन्ही नट सैल केले, रोटरभोवती पट्ट्या घालून स्टेटर मध्यावर आणला आणि पट्ट्या आत असतानाच नट थोडे थोडे आळीपाळीने आवळले. पट्ट्या काढून क्रँक हळूहळू पूर्ण फेरा फिरवला. कुठे घासत नाही.

चेन तिच्या सर्वांत घट्ट जागी ६ मिमी ठेवून ताणली. घट्ट जागा सोडून ढिल्या जागी ताणली असती तर घट्ट जागी बेअरिंगवर ताण आला असता. कव्हर, तेल, फूटरेस्ट, ब्रेक. ब्रेकचा खेळ परत बघितला.

कीक. इंजिन स्लोवर आलं आणि डावी बाजू गप्प. फोनवर रेकॉर्ड करून परत एक चतुर्थांश वेगाने ऐकलं. सायलेन्सरचा ठोका आहे, प्रायमरी चेनची नेहमीची सळसळ आहे, ठक नाही. काका संध्याकाळी आले. त्यांनी काही विचारलं नाही, वाकून डाव्या बाजूला कान दिला, बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "ही अशीच वाजायची."

३० नोव्हेंबर, रविवार

चौथ्या आवाजासाठी पन्हाळा. वाघबीळला रस्ता वळल्यावर चढ लागतो. टॉप गिअरमध्ये मुद्दाम कमी वेगात थ्रॉटल उघडला. खडखड आली. पत्र्याच्या डब्यात काचेच्या गोट्या हलवाव्यात तसा, पातळ आणि वेगवान आवाज. गिअर खाली टाकला की बंद.

हा कुठल्याही सैल भागाचा आवाज नाही, नॉकिंग आहे. ठिणगी फार लवकर पडते, पिस्टन अजून वर येत असतानाच दाब चढतो आणि उरलेलं मिश्रण एकदम पेटतं. ते दुर्लक्षित ठेवलं तर पिस्टनला आणि त्याच बिग एंडला मार बसतो. म्हणजे खोट्या ठकठकीपेक्षा या पातळ आवाजाची काळजी जास्त, आणि एवढ्या दिवसांत त्याच्याकडे कुणी लक्ष दिलेलं नाही.

घरी येऊन काकांना विचारलं, कीक कधी उलटी मारते का? "मारते की, घोटा दुखतो." ठिणगी लवकर पडते याचा दुसरा पुरावा.

३ डिसेंबर, बुधवार

उजवीकडचं पॉइंटचं, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या उघडझाप करणाऱ्या संपर्काचं, झाकण काढलं. पॉइंटचा गॅप ०.४० मिमी, ठीक. त्याच्या मागे अॅडव्हान्सची यंत्रणा असते: दोन वजनं, दोन स्प्रिंगा. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, ठिणगी लवकर पडू लागते, आणि वेग उतरला की स्प्रिंगा वजनं आत ओढतात. पॉइंटचा छोटा कॅम बोटाने फिरवून सोडला तर तो झटक्यात मागे यायला हवा. तो अर्ध्यात थांबला. जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं घट्ट झालं होतं आणि एक स्प्रिंग लांबली होती. म्हणजे इंजिन स्लोवर असतानाही टायमिंग पुढेच अडकलेलं. कीक उलटी मारते ती यामुळे, आणि चढाला खडखडतं तेही यामुळे.

पूर्ण उकलून रॉकेलने धुतलं, पिनांवर तेलाचा एकेक थेंब, दोन्ही स्प्रिंगा नव्या. एकच बदलली तर दोन वजनं वेगळ्या वेगाला उघडतील. मग टायमिंग. यंत्रणा पूर्ण आत असताना, पिस्टन टॉप डेड सेंटरच्या ०.८ मिमी आधी असेल तेव्हा पॉइंट उघडायला सुरुवात व्हायला हवी. पॉइंटमध्ये पातळ कागदाची पट्टी धरायची आणि क्रँक हळू पुढे न्यायचा. कागद हलक्या ओढीने निसटतो तो क्षण. मला तो आधी खूपच लवकर निसटताना मिळाला. प्लेट सरकवली, पुन्हा बघितलं, प्लेटचे स्क्रू आवळून पुन्हा बघितलं.

७ डिसेंबर, रविवार

काकांना मागे बसवून पन्हाळा. त्याच वळणावर, त्याच गिअरमध्ये थ्रॉटल उघडला. खडखड नाही. चढ थोडा जड ओढते असं काकांना वाटलं. मला वाटतं आधी टायमिंग पुढे असल्यामुळे खालच्या वेगात खोटी चपळाई येत होती. परतताना कीक काकांनीच मारली, उलटी आली नाही.

आता उरली थंड इंजिनाची थपथप. सकाळी सुरू केल्यावर येते, तापल्यावर जाते. लोडला नाही, धूर नाही, तेल कमी होत नाही, कॉम्प्रेशनला कीक दाबून धरली की पाय बराच वेळ पेलते. पिस्टन आणि बोअरमधली फट वाढली आहे, गार पिस्टन त्यात थोडा आडवा डोलतो, तापून फुगला की बसतो. यासाठी ब्लॉक उतरवायचा नाही. सकाळी इंजिन तापेपर्यंत थ्रॉटल जोरात उघडायचा नाही, एवढं काकांना सांगितलं. धूर दिसला किंवा तेलाची पातळी उतरायला लागली तर बोअर मोजायचा, त्याआधी नाही.

गावातल्या त्या मेस्त्रींनाही भेटून जुनी चावी दाखवली. त्यांनी चावीवरचा ओठ अंगठ्याने चाचपला आणि पाकळीविषयी विचारलं. लॉक वॉशर सपाटच होता म्हटल्यावर मान हलवली.

पुढच्या तेल बदलाला चेनकेसचं कव्हर काढून रोटरचा नट आणि पाकळी बघायची. टॅपेट त्याच दिवशी, थंड इंजिनाला. एग्झॉस्टचा सांधा साबणाच्या पाण्याने.